उघड्या डोळ्यांची प्रार्थना

जागल्याला प्रार्थनेत डोळे मिटताना कुणी पाहिलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, पाहणार कोण, बाकीच्यांचे डोळे मिटलेलेच असणार! तेच तर. मंडळी माना खाली घालून बसली की हा एकटा ताठ मानेने समोर बघत राही. कोण जांभई देतं, कोण घड्याळ बघतं, कुणाचा हात मोबाइलकडे सरकतो, सगळं त्याला दिसे. पाळकांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाला, "चोर येतो तो डोळे मिटल्यावरच येतो, पाळकसाहेब. जागे राहा असं शास्त्रच सांगतं." पाळक बिचारे काय बोलणार? शास्त्र त्यांच्याकडेही तेच होतं. तेव्हापासून लोक त्याला जागल्या म्हणू लागले, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते नाव आवडायचं.

सवय कामाची होती. एकतीस वर्षं तो इस्पितळाच्या बॉयलरवर होता. बॉयलर म्हणजे खोलीभर आडवी पडलेली लोखंडी टाकी, आत आग आणि पाणी. तिची वाफ भिंतीपलीकडच्या धुलाईघरात जाई. धुलाईघर रात्री बंद, म्हणून बॉयलरच्या पाळ्याही दोनच, सकाळची आणि दुपारची. तिथे बारा बाया इस्पितळाच्या चादरी तापलेल्या रोलरांतून काढत. त्या बारांत एक जागल्याची लेक होती.

बॉयलरवाल्याचं सगळं आयुष्य एका काचेत असतं. टाकीच्या तोंडाशी वीतभर उंचीची उभी काचेची नळी. टाकीत पाणी किती, ते तिच्यात दिसतं. पाणी खाली जाऊ लागलं की पंप सुरू करायचा. पण काच खोटंही बोलते. टाकीतून काचेत येणारी वाट क्षाराने बुजली, तर काचेतलं पाणी तिथंच अडकून राहतं आणि टाकी आतून कोरडी पडत जाते. म्हणून पाळी बदलताना काच 'धुवायची': खालची तोटी उघडून काच रिकामी करायची, तोटी बंद करायची, आणि पाणी सपकन परत चढतं का ते बघायचं. जागल्याचा नियम असा, की जाणाऱ्याने तोटी फिरवायची, येणाऱ्याने बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "बघितलं." मगच दोघांनी वहीत सही करायची. हा नियम त्याने सगळ्यांना लावला, आणि सकाळच्या पाळीवर आलेल्या एका हसऱ्या पोराला तर घोटून घोटून शिकवला. पुढे तोच पोरगा त्याचा जावई झाला.

इथंच घोडं पेंड खात होतं. जावई कामाला चोख होता, लेकीला जपत होता, पण गंभीर म्हणून व्हायचा नाही. उपासनेला येई आणि मागच्या बाकावर बसे. शिट्टी वाजवत बॉयलर पुसे. जागल्याच्या मते ज्या घरात हसणं जास्त, त्या घराचं दार उघडं, आणि उघड्या दारातून कोण आत येतो ते सांगायला नको. बायको होती तोवर ती म्हणायची, "अहो, जरा स्वतःच्याही उंबऱ्याकडे बघत जा." तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. सैतानाचा पत्ता जागल्याला तोंडपाठ होता. फक्त तो दर वेळी दुसऱ्याच्याच घराचा निघे.

रविवारी उपासना सुटल्यावर त्याने जावयाला चारचौघांत गाठलं. "प्रार्थना चालू असताना डोळे उघडे ठेवून हसत होतास तू. मी पाहिलं."

"तुम्ही कसं पाहिलंत, बाबा?" जावयाने विचारलं.

पायऱ्यांवरचे सगळे हसले. पाळकसुद्धा हसले, मग खोकल्याचं निमित्त करून आत गेले. जागल्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

तो अपमान त्याने रात्रभर उराशी धरला. सोमवारी लेकीकडे जेवायला गेला, तेव्हा ताटांवर प्रार्थना म्हणायचं काम त्याच्याकडे आलं. त्याने उघड्या डोळ्यांनी, थेट जावयाकडे बघत म्हटलं, "प्रभू, ह्या घरात शत्रू येऊन बसलाय. ह्याच मेजावर बसलाय. त्याला ओळखायची बुद्धी माझ्या लेकीला दे."

लेक ताटावरून उठली. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही देवाशी बोलत नव्हता. देवाच्या आडून आमच्याशी बोलत होता. पुन्हा असं केलंत तर आम्ही इथून बदली मागून जाऊ. मी नुसतं बोलायचं म्हणून नाही सांगत आहे."

मंगळवारपासून सासरा-जावयांत शब्द नाही. दुपारी दोनला जागल्या येई, जावई टोपी उचलून बाहेर पडे. काच धुवायची तर एकाने फिरवायचं आणि दुसऱ्याने बोलायचं, बोलणार कोण? तोंड उघडलं तर हार. एकट्याने धुवायची, तर आपलाच नियम आपणच मोडल्यासारखं होणार. म्हणून काच धुतलीच गेली नाही. वहीत सह्या मात्र दोघांच्याही पडत होत्या. एकतीस वर्षांत ही पहिली खोटी सही, आणि ती करताना जागल्याच्या मनात काय होतं? वचनच होतं. दुष्टांच्या वाटेला जाऊ नये, असं काहीतरी. मंगळवारी केली, बुधवारीही केली.

गुरुवारी तो आला तेव्हा काच अर्ध्याच्या वर भरलेली होती. जावई निघून गेला. त्याच्या खिशातून एक घडी घातलेला कागद डोकावत होता. बदलीचा अर्ज, हे जागल्याने ओळखलं. पण हाक मारायला जीभ रेटली नाही. सही नंतर करू म्हणून त्याने वही बाजूला सारली, खुर्ची ओढली आणि पत्र्याच्या डब्यातून शास्त्र काढलं. तेलकट अंगठ्यांनी त्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या. त्याने सिंहाचं वचन काढलं: सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो, कुणाला गिळू म्हणून शोधतो, तेव्हा सावध राहा. एक ओळ वाचायची, काचेकडे बघायचं. पुन्हा ओळ, पुन्हा काच. प्रत्येक ओळीला त्याला मागच्या बाकावरचं ते हसू आठवत होतं.

पावणेतीनला त्याच्या लक्षात आलं, की आपण आल्यापासून काचेतलं पाणी हललेलं नाही.

जिवंत बॉयलरचं पाणी थरथरतं, वरखाली होतं. हे थिजून उभं होतं. पडताळ्यासाठी टाकीला लावलेली दुसरी काच आठवड्यापूर्वीच दुरुस्तीला गेलेली. म्हणजे सकाळपासून ह्या एकाच काचेवर भरवसा, आणि काच भरलेली दिसते म्हणून पंप कुणीच लावलेला नसणार. त्याने तोटी फिरवली. काच रिकामी झाली. तोटी बंद केली.

पाणी परत आलं नाही.

त्याने मोजलं, दहापर्यंत, वीसपर्यंत. काच कोरडी. आणि तेव्हाच वास आला, तव्यावर काही नसताना तवा तापत राहिला की येतो तसा.

हात आपोआप पंपाच्या बटणावर गेला. पाणी कमी, तर पाणी द्या. कुणाचाही हात तिकडेच जाईल. बटणावर बोट टेकलं आणि त्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. हेच, अगदी हेच करायचं नसतं. तापून लाल झालेल्या लोखंडावर गार पाणी पडलं, की एका दमात त्याची वाफ होते, आणि मग टाकी राहत नाही, खोली राहत नाही, पलीकडची भिंतही राहत नाही. भिंतीपलीकडे रोलरांचा घर्रघर्र आवाज चालू होता. बाया काहीतरी बोलून हसत होत्या.

बोट उचलायला त्याला जितका जोर लागला, तितका एकतीस वर्षांत कशालाच लागला नव्हता. त्याने आग बंद केली. जळणाच्या तेलाची तोटी आवळली. बाकी कशाला हात लावायचा नाही, पाण्याला नाही, वाफेला नाही. मग तो दाराकडे धावला आणि जिवाच्या आकांताने त्याने एकच हाक मारली, जावयाच्या नावाने.

जावई समोरच्या कचेरीच्या पायरीवर होता, कागद हातात घेऊन. हाकेतला सूर ऐकूनच त्याला कळलं असावं. "पाणी सोडलंत?" त्याने धावत येत विचारलं.

"नाही! टाकी कोरडी आहे. पोरीला बाहेर काढ. सगळ्यांना काढ!"

जावई बॉयलरच्या खोलीला लागून असलेल्या दारातूनच धुलाईघरात घुसला; तीच वाट जवळची होती आणि तीच सगळ्यांत धोक्याची. जागल्या दारात उभा राहून दाबाचा काटा बघत राहिला. त्याने प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शेकड्यांनी पाठ असलेल्या वचनांतलं एकही आठवेना. 'प्रभू, माझी पोरगी' एवढंच पुन्हापुन्हा ओठांवर येत होतं.

अंगणात बाया एकेक करून आल्या. त्याने मोजल्या. अकरा झाल्या. बारावी येईना. मग आली. जावयाने तिला दंडाला धरून ओढत आणलं होतं, कारण ती रोलर बंद करायला थांबली होती. बापाचीच पोर!

अर्ध्या तासाने काटा खाली उतरू लागला, तेव्हा इस्पितळाच्या इंजिनिअरबाई वही उघडून अंगणात उभ्या राहिल्या. तरुण पण कडक बाई. "पहिल्या पाळीची सही आहे, काच धुतल्याची," त्या म्हणाल्या. "तुमची सही नाही. म्हणजे तुम्ही आलात, पाऊण तासात चूक पकडलीत, आग बंद केलीत. बरोबर?"

सगळं बरोबर होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरे होतं, त्यात एक शब्दही खोटा नव्हता. आणि जागल्याच्या मनात आता वचनं भराभरा जागी झाली, जी मघा एकही आली नव्हती: पेरलं तेच उगवतं, न्याय देवाच्या घरापासून सुरू होतो. किती गोड, किती तयार. लेकीचे डोळे उघडतील. जावयाची नोकरी जाईल आणि ती बापाकडे परत येईल.

तो दचकला. आत्ता हे कोण बोललं? आवाज शास्त्राचा होता, पण हे पाणी थिजलेलं होतं. काचेतलं पाणीही खरंच पाणी होतं की. फक्त टाकीशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. ज्या सिंहाची तो मागच्या बाकावर वाट बघत होता, तो त्याच्याच सदऱ्यात निवांत बसला होता, आणि तीन दिवस त्याला खाऊपिऊ घालत होता तो जागल्याच.

"बरोबर नाही, बाई," तो म्हणाला. "मागची दोन पानं बघा. माझ्या दोन खोट्या सह्या आहेत. काच दोघांनी मिळून धुवायची असते, आणि मी ह्याच्याशी बोलत नव्हतो. भांडण मी काढलं. ते प्रार्थनेत काढलं."

"खोट्या सह्या माझ्याही आहेत," जावई म्हणाला. "आजची धरून तीन."

इंजिनिअरबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "चौकशी दोघांचीही होईल," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही आजपासून बॉयलरवर नाही, काका. टाकी गार होईपर्यंत मात्र दोघेही इथंच थांबा. दुसरं कुणी तिच्या जवळ जाणार नाही."

त्याने मान हलवली. एकतीस वर्षं अशी एका वाक्यात संपली, आणि त्याला ते योग्यच वाटलं. दुखायचं ते दुखलंच.

दोघे उंबऱ्याशी उभे राहिले, काट्यावर नजर ठेवून. लेक येऊन मागे उभी राहिली. जा म्हटलं तरी जाईना. ती म्हणाली, "बाबा, प्रार्थना करा."

"माझ्याने नको."

"करा. पण देवाशी."

जागल्या काट्याकडे बघत राहिला. तेव्हा जावयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "डोळे मिटा, बाबा. काट्याकडे मी बघतो."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. काळोखात त्याला क्षणभर भीतीच वाटली. कोण कुठे बघतंय, कोण हसतंय, काही म्हणता काही कळत नव्हतं. फक्त खांद्यावरचा हात कळत होता.

"प्रभू," तो म्हणाला, "आम्हाला वाइटापासून राख. आणि ह्या दोघांना माझ्यापासून राख."

मग जावयाने हळूच बायकोला विचारलं, "ह्याला आमेन म्हणायचं का?"

"म्हण," ती म्हणाली. ती रडत होती.

"आमेन," जावई म्हणाला. आणि थोड्या वेळाने, काट्यावरची नजर न हलवता, म्हणाला, "उतरतोय, बाबा. बघितलं."