साहेब उतरायचे तो गोल

गाडीतून उतरण्याआधी साहेब खिशातला रुमाल काढून बूट पुसायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, “बाई, हलकं दिसाचं नाई.”

ब्रह्मपुरीच्या पुढे आमचा बांबूच्या फळ्यांचा कारखाना होता. साहेब त्याचे प्रमुख. मी कार्यालयाची व्यवस्था बघणारी. त्यांचा दौरा ठरला की माझी यादी सुरू व्हायची. नागपूरहून ताजी फुले, ठरावीकच बाटलीतले पाणी, विश्रामगृहाला नवे पडदे. कारखाना तोट्यात गेला, तशी यादी लांबत गेली. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील आणि मनातल्या मनात त्यांना नावे ठेवली असतील. मीही ठेवायची.

मार्कंड्याच्या जत्रेहून परतताना मात्र त्यांनी एकदा सांगितले. लहानपणी ते वडिलांबरोबर गडचिरोलीच्या एका कार्यालयात गेले होते. वडिलांचा फाटका सदरा बघून शिपायाने संध्याकाळपर्यंत आत सोडलेच नाही.

“तवापासून ठरवलं,” एवढेच बोलून त्यांनी बुटांवरची जत्रेची धूळ पुसली.

गेटवरच्या चौकीदारालाही त्यांनी स्वतःसारखेच बूट घेऊन दिले होते.

पुढे पगार थकले. सरकारने मदत दिली तरच कारखाना चालणार होता. पाहणीला एक अधिकारी मॅडम येणार असे कळले, आणि साहेबांनी मैदानात सिमेंटचा गोल करून घेतला. हेलिकॉप्टरसाठी.

“साहेब, या वेळी गाडीनंच या,” मी म्हणाले.

चौकीदार शेजारीच होता. “मदत मांगाले येता का वरातीले, साहेब?”

साहेब हसले. “फाटक्या नवरदेवाले पोरगी कोन देते, भाऊ?”

मॅडम सरकारी जीपने आल्या. गेटपाशी कामगार बसून होते. त्या सगळ्यांवर धूळ उडवत हेलिकॉप्टर उतरले. साहेबांनी आतच बूट पुसले आणि खाली आले.

“तुमचं आहे?” मॅडमनी विचारले.

“छे, भाड्याचं,” साहेब नम्रपणे म्हणाले.

“आणि यांचे पगार?”

साहेबांनी कामगारांकडे पाहिले. रुमाल हातातच राहिला. विश्रामगृहात पंचपक्वान्ने मांडली होती. मॅडमनी गेटवरच्या माठातले पाणी घेतले आणि त्या निघाल्या.

मदत नाकारली गेली. कारखान्याला कुलूप लागले. साहेब कुणाचा निरोप न घेता गेले. त्यांचा फोन लागत नाही. मी अधूनमधून लावून बघते.

गेल्या उन्हाळ्यात तिकडून जाताना थांबले. मैदानातल्या गोलावर चौकीदार आणि त्याची बायको मोहफुले वाळत घालत होते. कडेला त्याचे बूट काढून ठेवलेले, पुसून लख्ख.

“आणि साहेब आले तर?” मी विचारले.

तो फुले पसरतच राहिला.

“आले तं उचलतो ना, बाई. नाई तं उतरतीन कुठी?”