पोरीचं वजन तीस किलो

विज्ञानात अंदाजाला जागा नसते, असं आम्हाला शिकवलं होतं. गोंदियातल्या आमच्या केंद्रात ती जागा होती आणि तिथे मी बसत होतो.

मी तंत्रज्ञ. रुग्णाच्या शिरेत किरणोत्सारी औषध टोचायचं, ते हाडांत किंवा मूत्रपिंडात जाऊन बसलं की त्याला कॅमेऱ्याखाली झोपवून चित्र काढायचं, हे माझं काम. औषध जास्त दिलं की चित्र लवकर निघतं आणि किरणोत्सारही अंगात जास्त जातो. म्हणून मात्रा वजनावर ठरवायची असते, मुलांची तर हमखास. आमचा नियम सुटसुटीत होता: मोठ्याला पूर्ण, लहानाला निम्मी. वजनकाटा होता, पण त्यावर औषध ठेवायचा शिशाचा जड डबा ठेवलेला असे. खोलीत तेवढी एकच रिकामी जागा होती.

दोन हजार दहानंतरची गोष्ट. किरणोत्सारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं एक पत्र आलं. ठिकठिकाणच्या केंद्रांकडून कोणत्या तपासणीला किती मात्रा देता हे मागवून ‘संदर्भ पातळी’ ठरवणार होते. कल्पना साधी आणि चांगली. सगळ्यांचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि चारातली तीन केंद्रं जिच्या खाली राहतील अशी रेघ ओढायची. जो रेघेच्या वर निघेल त्याने स्वतःला विचारायचं, आपण एवढं का देतो? सोबत तक्ता होता: वय, वजन, मात्रा.

डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं. “राष्ट्रीय कार्य है, भैया. फॉर्म एकदम साफ दिखना चाहिए.”

आमच्या नोंदींत वय होतं, मात्रा होती. वजनाचा रकाना कोरा होता. मी दोन संध्याकाळी बसून तो भरला. आधी मात्रा बघायची, मग पुस्तकाप्रमाणे ती किती वजनाला शोभेल ते काढायचं, आणि ते वजन रुग्णाला द्यायचं. सगळ्यांचं सारखं दिसू नये म्हणून कुठे एखादा किलो वाढवला, कुठे कमी केला. ही कलाकुसर मला आवडत होती, हे लिहायला जड जातं. फाइलमध्ये आणि तक्त्यात फरक नको म्हणून प्रत्येकाच्या कार्डावरही तेच वजन चढवलं.

काही महिन्यांनी कौतुकाचं पत्र आलं. आमच्या माहितीत ‘उल्लेखनीय सुसंगती’ आढळली होती. ती आढळणारच होती. डॉक्टरांनी पत्राला चौकट केली आणि पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

त्याच हिवाळ्यात दरेकशाकडचा एक माणूस आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. तिचं एक मूत्रपिंड नीट वाढत नव्हतं. वर्षापूर्वी तपासणी झाली होती, आता दुसरी. तो धान खरेदी केंद्रावर मापाडी होता. मी सुई तयार करत होतो आणि तो टेबलावरचं कार्ड वाचत होता.

“साहेब, हे तीस कोनाचं वजन होय?”

“तुमच्या मुलीचं. मागच्या वर्षीचं.”

“हिचं?” त्याने मुलीकडे पाहिलं. “कायले थट्टा करून राहिले? मागच्या हप्त्यात धानाच्या काट्यावर उभी केली मी हिले. एकोनीस भरली. चपलीसकट.”

“इथलं वजन वेगळ्या पद्धतीने काढतात,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य असावं, आणि ते मी खोटं म्हणून बोललो होतो.

“मंग तोला ना. काटा तं दिसून राहिला.”

मी डब्याकडे पाहिलं. त्याने विचारून, दोन्ही हातांनी तो डबा धानाच्या पोत्यासारखा उचलून खाली ठेवला. मुलगी काट्यावर चढली. एकोणीस.

मी भरलेली सुई बाजूला ठेवली आणि दुसरी, कमी मात्रेची भरली. चित्राला जास्त वेळ लागला. मुलगी हलली नाही. चित्र उत्तम आलं, मागच्या वर्षीइतकंच.

तिला पट्टे सोडवून उठवताना तो म्हणाला, “मागच्या बारी किती देली होती?”

“जास्त.”

“काऊन?”

त्या एका ‘का’साठी देशभरातून तक्ते मागवले होते.

“वजन केलं नव्हतं.”

“तरास होईल का हिले?”

“नाही होणार.” हे मला बऱ्यापैकी ठाऊक होतं. पण त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा असं माझ्याजवळ तेव्हा काही नव्हतं.

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो मुलीला स्वेटर घालत म्हणाला, “आमच्याकडं मी असा काटा मारला असता ना साहेब, तं लोकाइनं गेटाबाहेर काढलं असतं.” मग मुलीला म्हणाला, “चाल बाई, गाडी सुटंल.”

त्या आठवड्यात मी त्या संस्थेला खुलाशाचं पत्र लिहिलं: आमच्या तक्त्यातली वजनं मोजलेली नाहीत, मी मनाने भरली आहेत, ती वगळावीत. डॉक्टर म्हणाले, “दिमाग खराब है क्या?” मी ते स्वतःच्या सहीने पाठवलं आणि कित्येक दिवस टपालाची वाट पाहिली, बरंचसं भीतीने.

उत्तर आलं, नम्र होतं. माहितीत दुरुस्ती हवी असल्यास प्रत्येक रुग्णाचं वजन केल्याचा पुरावा जोडावा, असं त्यात लिहिलं होतं.