माझ्या पोटावर बोललेला नवस

ह्यांना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा अळणावरहून माझी थोरली नणंद मदतीला आली, आणि येताना माझ्या नावाने नवस बोलून आली. भावाचा उपचार पुरा होईपर्यंत त्याची बायको एकभुक्त राहील, दिवसातून एकदाच जेवेल, असं अक्कांनी देवीला परस्पर सांगून टाकलं होतं. मला ते दारात त्यांची पिशवी घेताना कळलं. माझ्या कपाळाला अंगारा लावत त्या म्हणाल्या, "एवढं तर करशील की गं त्याच्यासाठी."

स्वतः अक्कांचं सगळं वेळच्या वेळी. सकाळी पोहे, दुपारी भाकरी, चार वाजता चहाबरोबर चुरमुरे, रात्री भात. देवीसमोर उभं राहिल्यावर त्यांना आपलं पोट काही आठवलं नाही, माझं बरोबर आठवलं.

मला शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ गोळी आणि गोळीवर जेवण, हे घरात सगळ्यांना ठाऊक. हे धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यातून बिनपगारी रजेवर होते आणि घर माझ्या पगारावर चाललं होतं. सकाळी धारवाडहून बसने ह्यांना हुबळीच्या दवाखान्यात न्यायचं, रेडिएशनचा शेक झाला की घरी आणून सोडायचं, मग उलट फिरून अमरगोळच्या मार्केट यार्डातली माझी कचेरी गाठायची. ह्याला अंगात बळ लागतं, आणि ते भाकरीने येतं. अंगाऱ्याने आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

तरी सुरुवातीला मी नवस पाळला. भक्तीबिक्ती काही नव्हती, आजारी माणसाच्या घरात भांडण नको म्हणून. मग एके दिवशी हे आत शेक घेत असताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दवाखान्याच्या फरशीवर बसले. नर्सने साखरपाणी पाजलं आणि विचारलं, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का, हे आमच्याकडे रस्त्यात भेटलेलं माणूसही विचारतं. माझ्या घरात मात्र ते कुणी विचारायचं नाही. उत्तर ऐकून ती भडकली. ह्यांना सांभाळणारी तुम्ही, तुम्हाला सांभाळायला कोण येणार, असं तिने कन्नडमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं. मला तिचा राग आला नाही. ज्यांचा यायला हवा होता त्यांचा आला.

त्या संध्याकाळी मी अक्कांना सांगितलं, "नवस तुम्ही बोललात, तुम्हीच फेडा. मी दोन्ही वेळा जेवणार."

अक्का आधी रडल्या, मग फोनला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून चुलत-मावस सगळे मला समजावू लागले. नवऱ्यासाठी एवढंसुद्धा जमत नाही का, असा सूर. त्यातलं एकही माणूस कधी दवाखान्याच्या बाकड्यावर येऊन बसलं नव्हतं. शेवटी अक्का ह्यांच्या खाटेशी जाऊन म्हणाल्या, "तूच सांग बाबा हिला."

हे भिंतीकडे बघत राहिले.

तोंडभर फोड आले होते, चमचाभर गंजी, म्हणजे पातळ पेज, गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं, बोलणं तर लांबच. सगळं कबूल. पण मान हलवायला घसा लागत नाही. मला त्यांच्याकडून सेवेचं कौतुक नको होतं. मी पोटभर जेवले म्हणून तुमचं काही वाईट होत नाही, एवढंच मला त्यांच्याकडून कळायला हवं होतं. ते गप्प राहिले, आणि माझ्या मनात आलं की ह्यांनाही नवस पटलाय. त्या विचाराने मी जेवढी तुटले तेवढी कॅन्सरचा रिपोर्ट पाहूनही तुटले नव्हते. त्यानंतर मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागले, दाराकडे पाठ करून, आपल्याच घरात चोरासारखी.

शेक संपल्यावर पुन्हा स्कॅन झाला. गाठ कमी झाली होती, पण गेली नव्हती. अजून उपचार घ्यायचे होते. घरी आलो. मी ह्यांच्या हातात गंजीची वाटी दिली आणि गोळीसाठी पाणी घ्यायला वळले. अक्का कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "दोन-दोन वेळा गिळलं की असंच होणार. देवीला काय दिसत नाही?"

गोळी माझ्या तळहातावर होती. मी काही बोलणार, तेवढ्यात ह्यांनी वाटी खाली ठेवली.

"अक्का, हिला वाढ." आवाज कसला, नुसती खरखर.

अक्कांनी ऐकू न आल्यासारखं केलं. हे उठून बसले. "इथं वाढ. माझ्यासमोर."

अक्कांनी ताट आणलं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी. मी गोळी घेतली आणि खाटेजवळ मांडी घालून बसले. हे माझ्या हाताकडे बघत होते. मी घास चावायचे तसा त्यांचाही जबडा हळूहळू हलायचा. कितीतरी दिवसांत त्यांना भाकरीची चव कळली नव्हती. मला भरून आलं, हे खरं. आणि इतके दिवस का लावलेत, म्हणून वाटी त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली, हेही तितकंच खरं. मी दोन्ही गिळलं आणि जेवत राहिले.

ताट रिकामं झालं. अक्का ते उचलायला वाकल्या. माझं पोट भरलं होतं, तरी मी ताट सोडलं नाही.

"अक्का," मी म्हणाले, "अजून एक भाकरी."

त्यांनी भावाकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. अक्का आत गेल्या आणि भाकरी घेऊन आल्या.