हरलेल्याच्या घरची चटई

आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात काथ्याची एक जाडजूड चटई गुंडाळून उभी असायची, आणि ऊन तापलं की तिच्यातून काथ्याचा, तांबड्या मुरमाचा, घामाचा असा एक उग्र, मिश्र गंध घरभर पसरत राहायचा... माझ्या लेखी तो पराभवाचा गंध होता. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नाशकात, गोदेपलीकडच्या मैदानावर रविवारी क्रिकेटचे सामने होत, खेळपट्टीवर ही चटई अंथरली जाई, आणि आमच्या संघाचा एक दंडक होता – सामना हरलो तर ज्याच्या चेंडूवर प्रतिपक्षाची विजयी धाव निघाली, त्यानं चटई खांद्यावर टाकून घरी न्यायची आणि पुढच्या रविवारी परत आणायची. जिंकलो, तर ती कप्तानाकडे राही. माझा दादा गोलंदाज. त्यामुळे चटईचा मुक्काम बहुधा आमच्याकडेच.

संघातला दुसरा गोलंदाज म्हणजे समोरच्या घरातला अण्णा, माझ्या मैत्रिणीचा, सुमतीचा भाऊ. त्यांची ओसरी गेरूच्या पट्ट्यांची, लख्ख, रिकामी. तिथं बसून सुमती सागरगोटे उडवता उडवता सहज म्हणायची, "आमच्या अण्णाला चटई कधी आणावीच लागत नाही बाई. तुमच्या दादाचं मात्र कठीण आहे." माझ्या अंगाचा तिळपापड होई. तिच्या ओसरीचा, तिच्या मानेच्या त्या तोऱ्याचा, तिच्या भावाचा मला विलक्षण हेवा वाटे. कच्ची चिंच खाऊन दात आंबावेत तसं माझं मन सदा आंबलेलं असायचं.

आणि खरं काय ते मला दिसत होतं, हेच अधिक जाचत होतं. सामना निसटू लागला की अण्णाचा खांदा दुखू लागे. तो खांदा चोळत कप्तानाकडे जाई, काखा वर करी, आणि कप्तान चेंडू दादाकडे फेकत म्हणे, "रघू, घे रे बाबा, तूच बघ आता." दादा बघायचा. कधी जिंकून द्यायचा. पुष्कळदा चटई घेऊन यायचा.

एका हिवाळ्यात मनमाडचा रेल्वेचा संघ खेळायला येणार होता, आणि त्यांचे साहेब आमच्यातला एक गोलंदाज निवडून त्याला रेल्वेत नोकरी देणार होते. वडील थकलेले, घराची सारी भिस्त त्या नोकरीवर. आईनं पहाटेच देव पाण्यात ठेवले होते. निघताना मी दादाच्या सदऱ्याला धरून म्हटलं, "आज तूही खांदा दुखतो म्हण ना."

तो हसला. "अगं शांते, मग टाकायचं कुणी?"

संध्याकाळी ऊन कलतं झालं, मनमाडकरांना थोड्याच धावा हव्या होत्या, आणि अण्णाचा खांदा वेळेवर दुखला. दादानं धापा टाकत चेंडू टाकला, फलंदाजानं तो बाभळींच्या पलीकडे भिरकावला... चहा पिताना साहेबांनी कप्तानाला विचारलं, या दोघांत हार कुणाच्या वाट्याला जास्त? कप्तान प्रामाणिक माणूस. त्यानं दादाकडे बोट दाखवलं. साहेबांनी अण्णाच्या पाठीवर थाप मारली.

पुढं सुमतीकडून रेल्वेच्या प्रवासाची वर्णनं ऐकायची आणि मुकाट हसायचं, एवढंच माझ्या हाती उरलं. दादा भांडीबाजारात एका दुकानात लागला. दिवसभर तांब्यापितळेच्या खणखणाटात उभा राहायचा. तक्रार म्हणून त्यानं कधी केली नाही, त्याच्या वाटची ती मीच केली. चाळिशीतच तापानं तो गेला.

परवा इगतपुरीला सुमतीकडे गेले होते. बाहेर धुकं दाटलेलं, चुलीवर आल्याचा चहा... आम्ही दोघी आता पिकलेल्या. बोलता बोलता ती म्हणाली, "शांते, घरात सगळ्यांना ठाऊक होतं गं, अण्णाचा खांदा कधीच दुखत नव्हता. तुझ्या दादाचा मला फार हेवा वाटायचा."

हे ऐकायला मी किती वर्षं आसुसले होते! वाटलं होतं, त्या दिवशी माझं मन निवेल. पण तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हाताऱ्या अण्णाची खोकत खोकत हाक आली, "सुमे, पाणी दे गं," आणि ती लगबगीनं उठली. मी चहाचा कप हातात धरून तशीच बसले. मला सुमतीचा हेवा वाटत होता.