पोळ्याची पोर आणि भिंतीवरचं कॅलेंडर

आमच्या वैजूला पहिलीत जायला एक वर्ष उशीर झाला, तो माझ्यामुळे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही!

मी तेव्हा राहुरीला ज्वारीच्या संशोधनावर होतो. नवं वाण करायचं म्हणजे एका कणसाचे परागकण दुसऱ्यावर टाकायचे, वर कागदी पिशवी चढवायची, चिठ्ठी अडकवायची. सगळा खेळ फुलोऱ्याच्या आठ-दहा दिवसांचा. सुमन बाळंतपणाला माहेरी, पाथर्डीकडच्या खेड्यात गेलेली, आणि मुलगी झाली ऐन पोळ्याला. म्हणजे ऐन फुलोऱ्यात! निरोप आला तेव्हा माझ्या हातात चिमटा होता. मी "वा!" म्हणालो आणि पुढच्या कणसाकडे वळलो. (निरोप आणणारा माझ्याकडे पाहतच राहिला. कणसाला मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही.)

बारशाला गेलो, पाळणा म्हणून होण्याआधीच परतलो. जन्माची नोंद राहिली. सासरे म्हणाले, "बापाच्या हातनं होऊ द्या." बापाला सवड मिळाली संक्रांतीनंतर! ऑफिसची जीप त्या बाजूला निघाली होती, ती वाट वाकडी करून ग्रामपंचायतीसमोर थांबवली. इंजिन चालूच.

ग्रामसेवक, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, मोठे सोशिक गृहस्थ. त्यांनी कागद पुढे केला. "अर्ज तुमीच लिवा साहेब. जन्म कवाचा?"

"पोळ्याचा."

"पोळा झाला, पर तारीख?"

तारीख मला आठवेना. सासुरवाडीत जाऊन विचारायची सोय नव्हती. (बाळंतिणीला "आपली मुलगी कधी झाली गं?" असं विचारून पाहा!) भिंतीवर कॅलेंडर होतं. भराभरा पानं उलटली, पोळा सापडला, तारीख लिहिली, सही ठोकली.

"येकदा बघून घ्या साहेब, घाई नगं."

"अहो भाऊसाहेब, मी शास्त्रज्ञ आहे!"

कॅलेंडर नव्या सालचं होतं. म्हणजे साल मी मागचंच लिहिलं, पण तारीख लिहिली ती अजून यायच्या पोळ्याची! त्यातून त्या वर्षी अधिक महिना, त्यामुळे पोळा एकोणीस दिवस पुढे गेलेला. वैजू तेवढीच लहान झाली.

पुढे पाच-सहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिचा वाढदिवस आम्ही पोळ्यालाच करायचो. बैलांना पुरणपोळी, तिला पुरणपोळी. मग पहिलीची वेळ आली. शेजारच्या रुबीनाबरोबर जायचं म्हणून वैजूनं दप्तर भरून दाराला टांगून ठेवलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी दाखला पाहिला. "नऊ दिवस कमी पडतात. पुढच्या वर्षी या."

"नऊ दिवसांसाठी अख्खं वर्ष?" सुमन कडाडली. "ही तारीख लिहिली कोणी?"

"त्या भाऊसाहेबानं!" मी छातीठोकपणे सांगितलं. (तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं, देवाशप्पथ.)

दुसऱ्याच दिवशी आम्ही ग्रामपंचायतीत. भाऊसाहेबांनी धूळ झटकून जुनी फाईल काढली, अर्ज उघडला. अक्षर माझं. सही माझी. सहीखाली आणखी रुबाबात 'एम.एस्सी. (कृषी)'! भाऊसाहेबांनी कागदाकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"बघू, कोणी लिहिलंय ते!" सुमननं हात पुढे केला.

भाऊसाहेबांनी फाईल मिटली. "माजीच चूक हाय ताई. घाईत झाली."

मग काय! माहेरवाशीण ती, तिला कोण आवरणार? "कॅलेंडर तरी वाचता येतं का तुम्हाला? पोरीचं वर्ष घालवलंत! रात्रभर रडलीय ती!" भाऊसाहेब मान खाली घालून ऐकत होते. आणि मी... लिहितानासुद्धा कान तापतात. मी म्हणालो, "जरा लक्ष देत चला, भाऊसाहेब."

"व्हय साहेब."

एसटीपर्यंत सोडायला आले. सुमन पुढे गेल्यावर हळूच म्हणाले, "दुरुस्ती व्हईल साहेब. पर तुमाला पाथर्डीला येऊन 'चूक माजी' असं लिहून द्यावं लागंल. शाळा सुरू व्हायच्या आत या. पोरीचं साल वाचंल."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. "पेरणी आहे, सुट्टी नाही," असं घरी सांगितलं. पेरणी होती, सुट्टीही मिळाली असती. पण 'चूक माझी' हे दोन शब्द लिहायला मला पाथर्डी फार लांब वाटली. रुबीना पहिलीत गेली. वैजू पुन्हा बालवाडीत. तिला सगळी गाणी पाठ, म्हणून बाईंनी तिला पुढे उभं केलं. घरी येऊन म्हणायची, "बाबा, मी आता बाई झाले!" आणि दप्तर कोपऱ्यात टाकून रुबीनाच्या घराकडे बघत बसायची.

ज्याच्यासाठी हे सारं झालं, ते वाण चाचणीत नापास झालं. त्याची भाकरी थापतानाच मोडायची.

वैजू आज सरकारी नोकरीत आहे. सरकारी निवृत्ती जन्ममहिन्याच्या अखेरीला, आणि कागदावर तिचा महिनाच बदललेला, त्यामुळे निवृत्तही ती एक महिना उशिराच होणार. "त्या भाऊसाहेबांची कृपा!" असं ती हसून सांगते, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसतो तो मी!

भाऊसाहेब निवृत्त होऊन त्याच गावात राहतात. मला त्यांची माफी मागायची आहे, आणि वैजूला खरं सांगायचं आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.