एक इंच खाली

त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे का हे पाहायला गवंडी दोऱ्याला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नाव फोरमनने चिडवायला ठेवलं होतं, कारण हा गडी जेवणाच्या डब्याचं झाकणही वाकडं लावत नसे. तो चिडला नाही. पुढे त्याची बायकोसुद्धा कामाच्या ठिकाणी फाटकावर येऊन, "जरा ओळंब्यांना बोलवता का," असं विचारायची.

आम्ही दोघं एका मोठ्या हॉलमध्ये फिटर होतो. प्रदर्शनाचे गाळे उभे करायचे, मोडायचे. सभेचा मंच बांधायचा, सोडायचा. अकरा वर्षं आमची जोडी होती. त्याचा एक नियम होता. कुठलंही माप दोघांनी वेगवेगळं घ्यायचं, आणि दुसऱ्याचं होईपर्यंत पहिल्याने आकडा तोंडातून काढायचा नाही. आकडा कानावर पडला की डोळा तेवढाच वाचतो, असं तो म्हणायचा. मी वैतागायचो. एका खिळ्यासाठी दोन शिड्या चढायच्या म्हणजे काय. पण त्या अकरा वर्षांत आमचं एकही काम परत आलं नाही.

माझ्या टेपचं टोक तुटलं होतं. पहिला इंच गेलेला. त्यामुळे टेपवर दहा फूट एक इंच दिसलं की ते दहा फूट समजायचं. मला सवय होती. तो मात्र दर पगाराला सांगायचा, "फेक ती. एक दिवस दगा देईल." मी म्हणायचो, बायकोही म्हातारी होणार, तिलाही फेकू का.

मग देशात पहिल्यांदाच बास्केटबॉलची राष्ट्रीय लीग सुरू झाली. आठ संघ, चार महिने. आमच्या शहराचे सामने आमच्या हॉलमध्ये. ट्रकमधून लाकडी मैदान आलं, दोनशे सोळा फळ्यांचं. एकेक फळी उचलायला दोन माणसं. सामन्याआधी काँक्रीटवर जोडायचं, सामना झाला की उचलायचं, कारण मध्ये प्रदर्शनं असायची. या सगळ्यासाठी एक मुख्य मिस्त्री हवा होता. मॅनेजर साहेबांनी ओळंब्याला नेमलं. टाइप केलेल्या कागदावर 'तपासणारा' या शब्दापुढे त्याचं नाव आलं. त्याची एक प्रत त्याने घरी नेऊन नऊ वर्षांच्या मुलीला दाखवली. अंतिम सामना पहिल्या रांगेतून दाखवीन, असा शब्दही देऊन बसला.

पहिल्या सामन्याच्या दिवशी एका टोकाची रिंग त्याने बसवली, दुसऱ्या टोकाची मी. उंची फळीच्या वरच्या पातळीपासून बरोबर दहा फूट. मी शिडीवर होतो, तेवढ्यात खेळाडू सरावाला आत आले. एवढी उंच माणसं मी जवळून पाहिली नव्हती. मागोमाग पेपरचा फोटोग्राफर आला. मला म्हणाला, असेच थांबा, हात रिंगवर ठेवा. मी थांबलो, हसलो. मग खाली वाकून माप वाचलं. दहा फूट. बोल्ट आवळले.

टेपचा इंच मी विसरलो होतो. पण त्यापेक्षा वाईट पुढचं आहे. ओळंबा स्वतःची टेप घेऊन आला आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी म्हणालो, "दोनदा मोजलंय. खेळाडू खोळंबलेत." एकदाच मोजलं होतं. अकरा वर्षांत त्याने पहिल्यांदाच माझ्या तोंडचा आकडा धरला, आणि दोन्ही टोकांसाठी सही केली.

दुसऱ्या सामन्याला फळ्या पुन्हा जोडल्या, रिंगा तशाच होत्या. पाहुण्या संघातला एक ताडमाड खेळाडू सराव करता करता थांबला आणि म्हणाला, ही रिंग खाली आहे. लोक हसले. पंचांनी टेप मागवली. नऊ फूट अकरा इंच. सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, म्हणून पहिल्या सामन्याचा निकाल तसाच राहिला. पेपरात मात्र आमच्या हॉलचं हसं झालं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सहीचा कागद होता. त्यांनी विचारलं, त्या टोकाचं माप कोणी घेतलं. ओळंब्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. डाव्या बुटाच्या नाडीला गाठ होती, ती अजून आठवते. मग तो म्हणाला, "सही माझी आहे, साहेब."

त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. उरलेल्या सीझनचा मुख्य मिस्त्री मी झालो. तो एका शटर बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये लागला, कमी पगारावर. अंतिम सामन्याचे दोन पास मला मिळाले. ते खिशात घालून मी त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. त्याची मुलगी दारात दोरीवरच्या उड्या मारत होती. तिने मला पाहण्याआधी मी मागे फिरलो.

पेपरातला तो फोटो माझ्या बायकोने फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला. आलागेला तो पाहायचा. काढ म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून वीस वर्षं तो तिथेच राहिला. मग एकदा मी आजारी असताना ओळंबा मला पाहायला आला. बायको म्हणाली, "भावोजी, बघा तुमच्या मित्राचा रुबाब." तो फोटोजवळ गेला. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिला. फोटोत माझ्या हातातली टेप स्पष्ट दिसते, टोक तुटलेली. तो वळला आणि बायकोला म्हणाला, फोटो छान आलाय. चहा प्यायला आणि गेला. फोटो मी त्याच रात्री उतरवला. बायकोला सांगितलं, खिळा सैल झालाय.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. मुलगी आता एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. तिथे नवी रिंग बसवायची होती, शिडी धरायला माणूस हवा होता. मी गेलो. दोघांचे गुडघे कुरकुरत होते. बोल्ट आवळण्याआधी मी बोललो. म्हणालो, त्या दिवशी मी एकदाच मोजलं होतं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "फोटो पाहायच्या आधीपासून. तुझी टेप मला माहीत नाही का?"

मग केबिनमध्ये बोलला का नाहीस, मी विचारलं.

"बघायला पाहिजे होतं मी. नाही बघितलं. सही माझीच होती." त्याने पाना खिशात घातला. "तू येशील वाटलं होतं. महिनाभर संध्याकाळी घरीच बसत होतो."

त्याने स्वतःची टेप माझ्या हातात दिली आणि वर जायला सांगितलं. मी चढलो. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. उतरलो आणि कुठलाही आकडा न बोलता टेप परत दिली.

मग तो चढला. मी शिडी धरली.