डाव्या पायाची सवय

शर्यतीच्या गाडीतली सीट काढायची म्हणजे चार बोल्ट खोलावे लागतात. त्या सोमवारी दादांनी ते चारही स्वतः खोलले. आमचे मुख्य मेकॅनिक, ज्यांना सगळे वस्ताद म्हणतात, पाना घेऊन पुढे झाले तेव्हा दादा म्हणाले, "पाठ माझी, सीट माझी. तुम्ही फक्त दार धरा."

आमच्याकडे सीट ड्रायव्हरच्या अंगावर बेततात. मोठ्या पिशवीत पातळ फोम ओततात, ड्रायव्हर त्यावर हूं की चूं न करता बसतो, आणि फोम घट्ट झाला की त्याच्या कमरेचा नि खांद्यांचा ठसा कायमचा उमटतो. एकोणीस हंगामांत दादांचा ठसा चारदा नव्याने घ्यावा लागला. प्रत्येक वेळी तो थोडा रुंद निघाला, आणि प्रत्येक वेळी दादांनी दोष फोमला दिला.

त्यांच्या जागी तेवीस वर्षांची एक ड्रायव्हर आली होती. टीममध्ये ती सर्वांत लहान, म्हणून पहिल्याच दिवशी तिचं नाव धाकटी पडलं. टीमच्या मालकीणबाईंनी निर्णय सगळ्यांसमोर सांगितला होता. यंदा गाडी धाकटी चालवेल, दादा राखीव ड्रायव्हर. म्हणजे शर्यतीच्या दिवशी अंगात सूट चढवून तयार बसायचं, आणि कुणाला ताप आला, हात मोडला, तरच गाडीत शिरायचं. मात्र एक अट होती. हंगामाआधी तीन दिवसांची चाचणी असते. तिसऱ्या दिवसअखेर धाकटीने एक मिनिट चौतीस सेकंदांच्या आत एक तरी फेरी मारून दाखवायची. नाही जमलं, तर यंदाही दादाच.

दादांनी मान डोलावली. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन गोष्टींसाठी नावाजलेला. एक, वळणाआधी इतक्या उशिरा ब्रेक मारायचे की बघणाऱ्याने डोळे मिटून घ्यावेत. दुसरी, गाडीबद्दल कधीच तक्रार करायची नाही. जी मिळेल ती चालवायची. वस्तादांचा त्यांच्यावर जीव होता तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

मी टीमचा डेटा इंजिनियर. गाडीतल्या सेन्सरमधून जे आकडे येतात त्यांचे आलेख काढायचे, ड्रायव्हरला दाखवायचे, हे माझं काम. दादांनी माझ्या स्क्रीनकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. "गाडी काय म्हणते ते मला बुडाला कळतं," असं त्यांचं म्हणणं. पण राखीव ड्रायव्हरला आलेख वाचता यायलाच हवेत, म्हणून त्या आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. खाली वहिनींचं चष्म्यांचं दुकान, वर घर. दुकानाच्या मागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांच्या मधे लॅपटॉप उघडून मी शिकवायला लागलो. दादा वही घेऊन बसले. थोड्या वेळाने ते खुर्ची मागे सरकवायला लागले.

"आणखी मागे जायचं असेल तर रस्त्यावर बसा," वहिनी दारातून म्हणाल्या. त्यांनी एक चष्मा आणून नवऱ्याच्या नाकावर ठेवला.

"लांबचं मला लख्ख दिसतं," दादा म्हणाले.

"जवळचं दिसत नाही, हेच तर मी चार वर्षं सांगतेय."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ती पोरगी वेळ काढेल का रे?"

"सांगता येत नाही वहिनी."

"आणि नाही काढली तर यांना बरं वाटेल की वाईट?"

"बरं वाटेल," दादा वहीतून मान वर न करता म्हणाले. "खोटं कशाला बोलू."

चाचणीच्या ट्रॅकवर एक जागा आहे. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, रस्त्याच्या कडेला लाल-पांढऱ्या उंचवट्यांची रांग. तिच्यावरून गाडी खडखडत जाते, म्हणून आम्ही त्यांना पायऱ्या म्हणतो. पायऱ्या संपल्या की लगेच डावीकडे वळण, त्याचं नाव कोपर. कोपराआधी ताशी दोनशे किलोमीटरवरून सत्तरवर यावं लागतं.

पहिल्या दिवशी धाकटी एक पस्तीसच्या खाली आलीच नाही. दर वेळी आत आली की तिचं एकच म्हणणं. "पायऱ्यांवरून आलं की ब्रेकचं पेडल खाली जातं. कधी जातं, कधी नाही."

वस्तादांनी ब्रेकमधली हवा काढली, तेल बदललं, नळ्या तपासल्या, पेडल हाताने दाबून पाहिलं. "दगड आहे दगड."

"उभ्या गाडीत दगडच आहे हो. मी उभ्या गाडीबद्दल कुठे बोलतेय?"

"सात वर्षं हीच गाडी आहे बाई. दादांनी एकदा म्हणून तक्रार केली नाही."

मागे कुणीतरी पुटपुटलं, पाय कच्चा आहे. तिने ते ऐकलं. "माझा पाय आपण नंतर बघू," ती म्हणाली. "आधी पेडल बघा."

दुसऱ्या दिवशीही तेच. पेडल जाईल या धास्तीने ती कोपराआधी लवकर ब्रेक मारत होती आणि सगळा वेळ तिथेच सांडत होता. दुपारी मालकीणबाई कंटाळल्या आणि दादांना म्हणाल्या, "तुम्हीच एकदा जाऊन या. काय ते कळू दे."

दादांची सीट पुन्हा गाडीत बसली. पाच फेऱ्या झाल्या. सर्वांत चांगली एक मिनिट तेहतीस पूर्णांक आठ. गाडीतून उतरताना दादा म्हणाले, "पेडल ठीक आहे."

वस्तादांची छाती वीतभर फुगली. एक मेकॅनिक म्हणाला, "आता सीट काढायचीच नको. आहे तशी राहू द्या." सगळे हसले, मीही हसलो. धाकटी हेल्मेट काखेत धरून उभी होती. ती टीमच्या ट्रकच्या पायरीवर जाऊन बसली.

मला वाटलं दादा चहा घ्यायला जातील. ते घामाने भिजलेल्या सूटमध्ये सरळ माझ्यामागोमाग आलेखांच्या खोलीत आले, खिशातून चष्मा काढून लावला आणि म्हणाले, "दोघांच्या फेऱ्या एकावर एक टाक."

मी टाकल्या. त्यांची रेघ निळी, तिची तांबडी. दादा बोट फिरवत वळण वळण वाचत गेले. आठवडाभरात ते चांगलं शिकले होते.

"इथे ती माझ्यापुढे. इथेही. इथे तर बरीच पुढे. कोपर सोडलं तर ती सगळीकडे माझ्यापेक्षा धीट आहे. मग एका कोपरालाच भित्री कशी होईल?"

मी कोपराचा भाग मोठा करून दाखवला.

"आता ब्रेक दाखव. नुसता डावा पाय."

आमच्या गाडीत उजवा पाय वेगावर आणि डावा ब्रेकवर असतो. ब्रेकच्या दाबाच्या दोन्ही रेघा पायऱ्यांपर्यंत जमिनीला चिकटून जात होत्या, मग एकदम उभ्या. दादांनी स्क्रीनच्या तळाशी असलेल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

"फिल्टर चालू आहे, एवढंच. वेग पूर्ण असताना ब्रेकवर अगदी थोडा दाब दिसला तर तो खरा नसतो. धक्क्यांनी सेन्सर थरथरतो. म्हणून तो आपोआप पुसला जातो."

"खरा नसतो हे कुणी ठरवलं?"

"माझ्या आधीच्या इंजिनियरने." हे बोलतानाच माझे कान गरम झाले. मी तीन वर्षं ते फिल्टर वापरत होतो आणि एकदाही काढून पाहिलं नव्हतं.

काढलं. तांबडी रेघ होती तशीच राहिली. निळ्या रेघेवर, पायऱ्या संपता संपता, दोन बारीक दात उगवले. मी आणखी फेऱ्या उघडल्या, मागच्या हंगामाच्या उघडल्या. प्रत्येक फेरीत त्याच जागी दोन दात.

"हे माझं नाही," दादा म्हणाले. "ब्रेक लागायच्या आधी मी पेडलला पाय लावत नाही."

मी म्हणालो, डोळे मिटा आणि मनात एक फेरी मारा. ते खुर्चीत मागे टेकले, हात पुढे धरले, ओठांनी गिअर बदलू लागले. सरळ पट्टा आला तसा उजवा पाय जमिनीत रुतला. पायऱ्या आल्या आणि त्यांचा डावा बूट जमिनीवर दोनदा टेकला. टक, टक. मग जोरात. बूट वाजल्याचं त्यांनाही ऐकू आलं. त्यांनी डोळे उघडले.

पुढचं आम्हा दोघांनाही कळलं. पायऱ्यांच्या हादऱ्याने चाकाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, किंचित वाकत होता. त्यामुळे चाकासोबत फिरणारी डिस्क कलायची, तिला आवळणारे ब्रेकचे पॅड मागे ढकलले जात, आणि पुढच्या वेळी पेडल दाबलं की सुरुवातीचं अंतर फुकट जाई. दादांचा पाय दोन हलके ठोके देऊन पॅड पुन्हा जागेवर आणत होता. सात वर्षं, दर फेरीला, आणि खुद्द दादांनाही न विचारता.

"दादा, हे तर कौशल्य आहे," मी म्हणालो.

"कौशल्य असतं तर मला माहीत असतं." त्यांनी त्या दोन दातांवर बोट ठेवलं. "उशिरा ब्रेक मारतो म्हणून नाव झालं माझं."

खोलीत तिसरं कुणी नव्हतं. एक दिवस गप्प बसलं की हंगाम त्यांचा होता. तो विचार माझ्या मनात आला, त्यांच्याही आला असणार. पाच वाजता रोजची बैठक असते. पावणेपाचला ते उठले आणि म्हणाले, "लॅपटॉप घे."

बैठकीत ते उभे राहूनच बोलले. "दोष गाडीत आहे. पहिल्यापासून असणार. धाकटी दोन दिवस खरं सांगतेय." आणि आलेख दाखवून त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःच्या पायासकट.

वस्ताद सरळ गाडीकडे गेले. पुढचं चाक उतरवलं, हाताने हलवून पाहिलं, काही नाही. मग लांब पहार लावून जोर दिला. डिस्क हलली.

"केसभर," वस्ताद म्हणाले.

"इथे केसभर. पेडलला बोटभर," धाकटी म्हणाली.

वस्ताद दादांवर उखडले. "सात वर्षं तोंडात मूग गिळून बसलात?"

"कळलं असतं तर बोललो असतो. पण खरं सांगू? तक्रार करत नाही याचा मला माज होता. मी कुरकुर केली नाही, म्हणून तुम्ही शोधलं नाही."

नवे, जाड हब बनवून यायला चार आठवडे लागणार होते. मालकीणबाई म्हणाल्या, "मग उद्याची परीक्षा रद्द. सदोष गाडीत हिला नापास करणं बरोबर नाही. हब येईपर्यंतच्या दोन शर्यती दादा चालवतील, मग पुन्हा चाचणी घेऊ."

सगळ्यांना ते पटण्यासारखं होतं. दोन शर्यती दादांच्या पदरात आपसूक पडत होत्या. दादा म्हणाले, "नको. परीक्षा उद्याच होऊ दे. पाय मी शिकवतो हिला."

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रकच्या सावलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ते दोघं बसले. दादा फेरी बोलून दाखवत होते आणि धाकटी पाय हलवत होती. पण झालं असं, की दादांना आता ते जमेना. ठोके मुद्दाम द्यायला गेले की पाय जड पडे. "विचार केला की बिघडतंय," ते वैतागून म्हणाले. शेवटी धाकटीने माझ्या आलेखातले आकडे वाचले. "पहिला ठोका हलका. दुसरा त्याच्या निम्मा. मधे श्वासभर अंतर. असं करता तुम्ही."

"असं करतो मी?"

"हो. आता बघा, असं."

"म्हणजे मी तुला शिकवतोय की तू मला?"

"बोलू नका, पायऱ्या आल्या."

दहा वाजता ती ट्रॅकवर गेली. दादा ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी हेडफोन लावून उभे राहिले, शेजारी मी. पहिली फेरी चौतीस पूर्णांक नऊ. आलेखात एकच ठोका. "दुसरा विसरलीस," दादा रेडिओवर म्हणाले. पुढच्या फेरीला दोन दात आले, दुसरा थोडा जड. चौतीस पूर्णांक तीन. त्यानंतरच्या फेरीला तांबडी रेघ कोपरापर्यंत निळ्या रेघेच्या अंगाला अंग लावून आली. तेहतीस पूर्णांक नऊ.

अट पूर्ण झाली होती. दादा राखीव झाले होते, आता खरोखरचे. वस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मालकीणबाईंनी गाडी आत बोलवायची खूण केली. दादांनी रेडिओचं बटण दाबलं.

"आत येऊ नकोस. टायरमध्ये अजून एक फेरी आहे. पेडलवर विश्वास बसलाय ना? मग पायऱ्यांची कड पूर्ण घे. मी कधीच घेतली नाही तेवढी."

ती फेरी तेहतीस पूर्णांक चारची झाली. त्या ट्रॅकवर आमच्या गाडीने एवढी वेगवान फेरी कधीच मारली नव्हती, दादांनीही नाही. भिंतीपाशी सगळे एकदमच बोलायला लागले. दादांनी हेडफोन काढून गळ्यात ठेवला. तोंडावरून एकदा हात फिरवला. ते पाण्याच्या पिंपाकडे गेले, उलट्या बाजूला तोंड करून पाणी प्यायले, जरा जास्तच वेळ. मग परत आले.

आमच्या स्क्रीनवर एक फेरी कायम मागे ठेवलेली असते, बाकी सगळ्या फेऱ्या तिच्याशी ताडून पाहायला. मी टीममध्ये आल्यापासून ती दादांची होती.

"ती निळी काढ," दादा म्हणाले. "हिची आत्ताची लाव. यापुढे माप हिचं."

"राहू दे की दादा, दोन्ही ठेवतो."

"दोन मापं ठेवून गाडी जुळत नाही. इंजिनियर ना तू?"

मी निळी रेघ काढली. ती जाईपर्यंत ते खुर्चीच्या मागे उभे राहिले. मग आत येणाऱ्या गाडीचं दार उघडायला गेले.